चौघांची सरासरी

आमच्या ह्यांनी तीस वर्षं गाड्या बनवल्या. निदान लग्नात, बारशात, बसस्टॉपवर, जिथे कोणी विचारेल तिथे ते असंच सांगायचे, "आपण गाड्या बनवतो." मीही शेजारी उभी राहून मान डोलवायचे. चाकणच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर एक आख्खी गाडी सुट्या भागांत त्यांच्यासमोर आली, तेव्हा कळलं की त्यांना गाडी बनवता येत नाही. त्यांना दुसऱ्यानं बनवलेल्या गाडीतली चूक काढता येते. ते क्वालिटीला होते. खरं तर लग्नानंतरच्या पहिल्याच आमटीला मला हे कळायला हवं होतं.

गाडी माझ्या वडिलांची. चौकोनी तोंडाची, स्टीअरिंगच्या दांड्याला गिअर असलेली, पुढे सोफ्यासारखी एकसंध सीट. वडिलांनी माझ्या धाकट्या भावाला तिच्यावर शिकवलं. मी मागे बसून सगळं पाठ करायचे. क्लच दाब, गिअर टाक, आता हळू सोड. एकदा धीर करून म्हटलं, मलाही शिकवा ना. वडील म्हणाले, "तुला काय करायचंय? तुला चालवणारा मिळेल." मिळाला. त्याच्याकडे स्कूटर होती.

वडील गेले, चिंचवडचं घर बिल्डरकडे गेलं, आणि भावाचा फोन आला, "ताई, ती गाडी भंगारात देऊन टाकू का?" म्हटलं, हात तर लावून बघ. टेम्पोवर चढवून गाडी आकुर्डीला आमच्या रो-हाउसच्या शटरमागे आणली. कागद माझ्या नावावर करायला टाकले. छप्पन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन मी लायसन्स काढलं होतं, ते पर्समध्ये नवंकोरं पडून होतं. सगळ्यांदेखत, मोठ्यानं, मराठीत सांगितलं, "ही गाडी मी चालवणार."

"हो हो वहिनी, तुम्हीच चालवायची," सगळे म्हणाले.

सगळे म्हणजे आमचे हे आणि कंपनीतले त्यांचे तीन दोस्त, तेही रिटायर. एक पेंट शॉपचे, एक वेल्डिंगचे, एक स्टोअरचे. माझ्या तोंडी त्यांची नावंही तीच, पेंटवाले, वेल्डिंगवाले, स्टोअरवाले. चौघांनी मिळून गाडी नव्यासारखी करायची ठरवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शटर वर गेलं. दहाला चहा. साडेअकराला डबा. साडेतीनला शटर खाली. फर्स्ट शिफ्ट! गुरुवारी मात्र कोणी फिरकेना. मी विचारलं, "अहो, आता कुठली आलीय तुम्हाला साप्ताहिक सुट्टी?" तर हे म्हणाले, "म्हणून काय गुरुवारी काम करायचं?"

गाडी खोलली गेली तीन दिवसांत. जोडायची म्हटल्यावर घोडं अडलं. स्टोअरवाल्यांनी सगळे नटबोल्ट माझ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत नंबर घालून लावले आणि चिठ्ठीशिवाय एक वॉशर द्यायला तयार होईनात. चिठ्ठीवर सही ह्यांची हवी आणि हे गेलेले दाढीला. वेल्डिंगवाले चिठ्ठीसाठी बसून. पेंटवाले तर दोन आठवडे खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही का हात बांधून?" तर म्हणाले, "आमच्याकडे बॉडी आलेली नाही अजून." बॉडी त्यांच्या गुडघ्यापासून तीन फुटांवर होती.

आणि हे फिरायचे लाल स्टिकर घेऊन. दाराच्या कडीला 'रिजेक्ट'. बॉनेटवर रंगात अडकलेल्या धुळीच्या एका कणाला 'रिजेक्ट'. एकदा डब्यातल्या भेंडीकडे बघून हात खिशाकडे गेला, तेव्हा मी फक्त बघितलं. हात परत आला.

इंजिनाची पाळी आली तेव्हा चौघं एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी वेल्डिंगवाले चाचरत म्हणाले, "वहिनी, आमच्या प्लान्टला इंजिन बाहेरून यायचं. तयार." कपाळ माझं! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. मग काळेवाडीहून एक म्हातारा मिस्त्री आणला. एकटा माणूस, एक पिशवी, आठ दिवस. ना चिठ्ठी ना स्टिकर. नवव्या दिवशी इंजिन धडधडलं आणि चौघांनी टाळ्या वाजवल्या, जणू त्यांनीच केलं.

त्या मिस्त्रीनं जायच्या आधी एकच प्रश्न विचारला. "चालवनार कोन हाय?"

चौघं एका सुरात, "आम्ही."

मी आतून, ओट्यापाशी होते तिथून ओरडले, "मी!"

"मंग क्लच हलका करून देतो, ताई," तो म्हणाला. "जुन्या गाडीचा क्लच लई कडक ऱ्हातो." आणि पुन्हा पिशवी उघडून बसला.

मी तयारीला लागले. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचा गिअर खाली होता, हिचा वर, स्टीअरिंगला. म्हणून दुपारी डायनिंग टेबलाशी बसून लाटणं धरून सराव करायचे. कोणी आलं की पोळ्या करतेय असं दाखवायचं.

आता ती सीट. जुन्या सोफ्याच्या स्प्रिंगा बाहेर आल्या होत्या, म्हणून चौघांनी ठरवलं की नव्या गाडीसारख्या दोन वेगळ्या सीट बसवायच्या. सीट मागेपुढे सरकवायला खाली रेल असते. ह्यांनी ती हलवून पाहिली, कान लावला, आणि स्टिकर मारला. रेल खडखडते. कंपनीत म्हणे एका खडखडाटावर आख्खी लाइन थांबायची. मग सीट वेल्ड करून पक्कीच करायची, म्हणजे आवाजाचं नाव नको. पण कुठे पक्की करायची? तर मापं घ्या. टेप काढला, चौघंही एकेक करून बाकड्यावर बसले, कंबरेपासून टाचेपर्यंत प्रत्येकाचं माप घेतलं, ह्यांनी तक्ता भरला आणि सरासरी काढली. पेंटवाल्यांचं पोट मध्ये येत होतं, त्यावर बरीच चेष्टा झाली. मी चहाचा ट्रे धरून तिथेच उभी होते. मीही हसले.

मी आयुष्यभर गणित शिकवलं. सरासरी काढताना एक जण मोजायचा राहिला तर उत्तर चुकतं, हे मी आठवीच्या पोरांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं. तिथे मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

खंडेनवमीला पान्यांना, जॅकला, वेल्डिंग मशीनला हळदकुंकू लागलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून चौघं नुसते गाडीभोवती फिरत राहिले. दसऱ्याला सकाळी गाडीला झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं. आरटीओची फिटनेसची तपासणी बाकी होती, म्हणून फक्त कॉलनीच्या टोकाच्या मंदिरापर्यंत जाऊन यायचं ठरलं. आख्खी गल्ली फाटकाशी उभी. मी नवी साडी नेसले होते, सपाट चप्पल घातली होती. बसले. दार लावलं. डावा पाय क्लचवर टाकला.

पाय हवेत. क्लच आणखी वीतभर पुढे. सरकत सरकत सीटच्या टोकाला आले तर पाय टेकला, पण मग हनुवटी स्टीअरिंगला आणि समोर रस्त्याऐवजी बॉनेटवरची माळ. खाली हात घालून सीट ओढून पाहिली. ती कशाला हलते! काम पक्कं होतं.

"पाठीमागे उशी घ्या वहिनी," पेंटवाले म्हणाले.

शेजारच्या वहिनींनी खरंच उशी आणली, फुलाफुलांची. मी खाली उतरले, लिंबं उचलून कुंडीत टाकली आणि घरात गेले. गल्लीतल्या बायका माझ्याकडे बघत नव्हत्या, ते जास्त लागलं.

संध्याकाळी चौघं आमच्या डायनिंग टेबलाशी फॉर्म घेऊन बसले. कंपनीत काही बिघडलं की लागोपाठ पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे चुकीचं मूळ सापडतं, अशी त्यांची पद्धत. मी ओट्याशी पाठ करून भांडी विसळत होते. ह्यांनी पेन उघडलं.

"पाय का पोचत नाही?"

"सीट मागे आहे."

"पुढे का घेता येत नाही?"

"वेल्ड केलीय."

"एवढ्या मागे का वेल्ड केली?"

"सरासरी तेवढी आली."

"सरासरीत हिचं माप का नाही?"

"घेतलं नाही."

"का नाही घेतलं?"

मग पेंटवाले म्हणाले, "वहिनी तेव्हा तिथे नसतील."

"होते," मी म्हटलं. "ट्रे माझ्या हातात होता."

ह्यांनी पेन बंद केलं, पुन्हा उघडलं. मग हे म्हणाले, "ही खरंच चालवेल असं आपल्याला वाटलंच नव्हतं."

"राव, असं कुठं लिहितात होय?" वेल्डिंगवाले कुजबुजले.

ह्यांनी लिहिलं. शब्द न् शब्द, आणि खाली सही केली. माणूस आमटीत खोट काढेल, पण रिपोर्टात खोटं लिहिणार नाही, एवढं श्रेय द्यायलाच हवं. मला रडू आलं नाही. राग आला, वडिलांचा आला, ह्या चौघांचा आला, आणि ट्रे धरून त्यांच्याबरोबर हसणाऱ्या त्या बाईचा सगळ्यांत जास्त आला.

सकाळी वेल्डिंगवाल्यांनी ग्राइंडरनं सीट कापून सोडवली. "वहिनी, या वेळी रेलच टाकतो. म्हणजे सगळ्यांची सोय."

"नको," मी म्हटलं. "खडखडते ना? वेल्ड करा. माझ्या मापाला."

ह्यांनी टेप काढला, माझ्यासमोर फरशीवर बसले आणि माझी टाच हातात धरून माप घेतलं. तक्त्यात एकच आकडा लिहिला. सरासरी काढायला काही उरलंच नव्हतं.

मग महिनाभर मी सकाळी कॉलनीतल्या कॉलनीत चकरा मारल्या. पहिल्या दिवशी बारा वेळा बंद पडली.

फिटनेसच्या दिवशी गाडी टो करून ट्रॅकवर नेली. तपासणीला आलेले साहेब तरुण होते, नम्र होते. त्यांनी चेसिस नंबर बघितला, दिवे बघितले, रंगाला छान म्हणाले, आणि फाइल धरून उभ्या असलेल्या ह्यांना म्हणाले, "काका, जरा पुढे घेऊन ब्रेक लावून दाखवा."

हे गाडीकडे गेले. दार उघडलं. सीटकडे बघितलं, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं, दार पुन्हा लावलं.

"मला नाही घेता येणार," ते म्हणाले. "गाडी हिची आहे. हीच चालवते."

लग्नाला चौतीस वर्षं झाली. परक्या माणसासमोर असलं वाक्य बोलताना त्यांना किती जड गेलं ते मला दिसत होतं, आणि मी त्यांना काडीची मदत केली नाही. दार उघडून बसले, क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकला.