ओरडून जोडलेले धागे

त्या पोरीला सगळे फुंकरी म्हणायचे. तिच्या घरात पिढ्यानपिढ्या एकच विद्या. तुटलेल्या धाग्याची दोन टोकं चिमटीत धरायची, त्याला एक खरी गोष्ट सांगायची आणि फुंकर मारायची. धागा असा जुळायचा की गाठ शोधून सापडू नये! खोटं बोललात तर फटकन तुटणार. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा चालायची नाही. खरं कुणीही बोलावं, फुंकर मात्र घरातल्याचीच हवी.

हातमागावर हे सगळं कुजबुजत निभायचं. मग गिरणीत वाफेवरचे माग आले आणि हातमागांना टाळं लागलं. फुंकरीला वाढवणारी आत्या म्हणाली, "आता गुमान घरी बस." घरी बसते कसली! ती तडक गिरणीच्या मालकापुढे जाऊन उभी राहिली. "मला मशीन द्या. बिनगाठीचं कापड काढून दाखवते."

मालक हसला. "एक पाळी देतो. एक जरी गाठ दिसली, तर पुन्हा या दारात पाऊल टाकायचं नाही."

मशीन शिकवायला होता मिस्त्री. माग बसवायला परगावाहून आलेला तरणा पोरगा, कोपरापर्यंत तेलाने माखलेला आणि बोलायला महाकंजूष. पट्टा कसा सोडायचा, आडवा धागा नेणारा धोटा कुठे अडतो, सगळं त्याने जीव लावून शिकवलं. इथलं काम संपवून तो आता दुसऱ्या गावी निघणार होता. "चल ना माझ्याबरोबर," त्याने आदल्या दिवशी विचारलं, तेव्हा हिने तोंडच फिरवलं होतं.

पाळी सुरू झाली, पहिला धागा तुटला आणि फुंकरीच्या ध्यानात आलं, की शेजारच्या मागांच्या खडखडाटात तिची कुजबुज धाग्याला ऐकूच जात नाही. झाली का पंचाईत! आता खरं बोलायचं तेही बोंबलून, अख्ख्या शेडसमोर. पण माघार घेईल तर शपथ.

"आत्याचा स्वयंपाक मला आवडत नाही!" जुळला.

"मालकांच्या बागेतले पेरू मीच चोरायचे!" जुळला. शेड हसून लोटपोट, मालकाने कपाळाला हात लावला. दिवस कलला तशी सांगण्यासारखी गोष्ट सुचेना.

"मिस्त्री गेला काय, राहिला काय, मला फरक पडत नाही!" ती ओरडली.

फटकन तुटला. तिला बिचारीला ते अगदी खरं वाटत होतं!

"बांध गाठ आणि नीघ," मालक म्हणाला.

लाजेने तिचे कान तापले, तरी तिने टोकं सोडली नाहीत. "मला तो आवडतो! पण त्याच्यासाठी हे काम सोडणार नाही!" जुळला.

पाळी संपता संपता आणखी एक तुटला. आता मात्र तिच्यापाशी काहीच उरलं नव्हतं. तेवढ्यात मिस्त्री धाग्यावर वाकून ओरडला, "मी इथेच राहतो, कायमचा!"

तिने फुंकर मारली. फटकन. तो पांढराफटक पडला.

"खरं बोल रे," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"राहायचंय गं मला! पण कधी एका जागी टिकलोच नाही, त्याची भीती वाटते!"

जुळला. भोंगा झाला. मालकाने सगळ्या कापडावरून सावकाश हात फिरवला, दोनदा फिरवला. "उद्या वेळेवर ये," एवढंच म्हणून तो वळला.

मिस्त्री तिथेच घुटमळत होता. "आणि मी?"

"तूही ये," फुंकरी म्हणाली. "भीती घेऊनच ये."