खिडकीतल्या बाई

कोथरूडहून आम्ही सात-आठ अनोळखी बायका छोट्या बसने कोकणच्या किनाऱ्याला निघालो होतो. पुण्यात आयटी कंपन्या नव्याने आल्या होत्या आणि तिथे नोकरीला लागलेल्या मुली आपल्या आयांना हौसेने सहलीला पाठवत होत्या. माझ्या शेजारी, खिडकीत, साठीच्या एक बाई बसल्या होत्या. एका वळणावर एकदम समुद्र दिसला, तशा त्या "अगंबाई!" म्हणत टाळी वाजवून हसल्या. लगेच त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, "अहो, गाडी लागते का तुम्हाला?"

"नाही हो. ह्यांना जाऊन तीन महिने झाले. मुलीने बळेच पाठवलं." त्यांच्या हातातला चहा निवत होता. "मघाशी घटकाभर मी ह्यांना विसरलेच. फार लाज वाटतेय."

परत बसमध्ये चढताना त्या म्हणाल्या, "खिडकीत आता तुम्ही बसा."

मी बसले. रस्ता समुद्राला लागूनच चालला होता. थोड्या वेळाने मी मान मागे टेकली आणि झोप लागल्यासारखे डोळे मिटून घेतले. मग त्यांचा खांदा हळूच माझ्या खांद्याला लागला. त्या खिडकीकडे वाकल्या होत्या.