भातामास्तरांची शिंक

भातामास्तरांना रडणारं गाणं सहन व्हायचं नाही. रस्त्यानं जाताना एखाद्या उभ्या रिक्षात प्रेमभंगाचं गाणं लागलेलं असलं की ते थांबायचे, रिक्षाच्या टपावर बोटांनी ‘धमचक, धमचक’ असा ठेका धरायचे आणि त्या रडक्या गाण्याला नाचायला लावूनच पुढे जायचे. रिक्षावाला आधी वैतागायचा, मग हसायचा. “एवढं मोठं दुःख असतंय तवा माणूस गप बसतोय,” मास्तर म्हणायचे. “गात न्हाई.”

धिप्पाड माणूस, आणि छातीवर कायम अडकवलेलं ते जुनं अकॉर्डियन. त्याचा भाता मागेपुढे व्हायला लागला की पोटही बरोबर हलायचं, म्हणून भातामास्तर. खरं नाव कोल्हापुरात, आमच्या मंगळवार पेठेत, निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. मी दिवसा शाळेत भूगोल शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी मास्तरांच्या पार्टीत गायची. मास्तर, ऑक्टोपॅडवर बबन आणि मी, एवढीच आमची पार्टी. लग्न, बारसं, साठी, गणपतीचं मंडळ, पतसंस्थेचा वर्धापनदिन, जिथे बोलावतील तिथे जायचो. मला ते ‘बाई’ म्हणायचे आणि मी त्यांना मास्तर.

कार्यक्रमाच्या शेवटी लोक एकच मागायचे, “मास्तर, भडंग!” त्या साली गाजलेली सगळी गाणी मास्तर एकापाठोपाठ एक, एकाच उडत्या ठेक्यात वाजवायचे. सिनेमातलं विरहगीत, त्याच्या शेपटाला मोबाइलवर धुमाकूळ घालणारं रॅप, मध्येच हळदीचं गाणं, आणि पुन्हा ते विरहगीत, आता दुप्पट वेगात. मी चेहरा अगदी गंभीर ठेवून गायची, कारण त्यांची सक्त ताकीद होती. “आपण हसायचं न्हाई बाई. आपण हसलो की लोकांनी काय करायचं?” एकदा इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगला पोरांनी मुद्दाम एक इंग्रजी रॉक गाणं मागितलं. म्हातारा फसेल असा बेत होता. मास्तरांनी ते मोबाइलवर कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, “असली बोंब आमच्यात म्हशी पाण्यातनं भाईर काढताना मारत्यात.” मग त्यांनी ते गाणं हलगीच्या ठेक्यावर असं काही पळवलं की पोरं खुर्च्यांवर उभी राहिली.

पण कुणाच्याही गाण्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. मुंबईवाले हाती लागायचे नाहीत, तो भाग वेगळा. पण आसपासच्या कुणाचं गाणं गाजलं की मास्तर पेढे घेऊन त्याच्या दारात जायचे. शिरोळकडच्या एका पोरानं उसाच्या ट्रॅक्टरवर गाणं केलं आणि ते सगळीकडे वाजायला लागलं, तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले होते. मास्तर त्या पोराला म्हणाले, “पावणं, तुमच्या गाण्याची जरा चेष्टा करीन म्हणतोय. चालंल का?” पोरगं खुळ्यासारखं हसत राहिलं आणि मग आईला हाक मारून म्हणालं, “आये, भडंगात घेत्यात आपलं गाणं.” भडंगात आलं म्हणजे गाणं गाजलं, असा हिशेबच होता तेव्हा. गाणं भडंगात आलं नाही म्हणून रुसलेले गायकही मी पाहिले आहेत.

आता शिंकेचं सांगते, कारण सगळं रामायण त्या शिंकेनं झालं. मास्तरांच्या अकॉर्डियनमध्ये वरच्या सप्तकातली एक पट्टी मुकी होती. दाबली तरी आवाज यायचा नाही, नुसता वारा. गाण्यात तो सूर आला की तिथे खड्डा पडायचा. मास्तर त्या खड्ड्यात शिंकायचे. शिंक सुरात असायची, हे मी गाणारी म्हणून सांगते. लोक त्या शिंकेची वाट बघत बसायचे, बायका पदर तोंडाला लावून तयार असायच्या. दुरुस्त करून घ्या म्हटलं तर म्हणायचे, “ऱ्हाऊ दे की. त्यो एक गप हाय म्हणून बाकीच्यांचं ऐकू येतंय.” नवीन गाणं बसवताना घरी शिंकेचा रियाज चालायचा. काकू, म्हणजे मास्तरांची बायको, भाकरी थापता थापता मान वर न करता सांगायच्या, “जरा अलीकडं शिंकलासा.” काकूंना कधी हसताना मी पाहिलं नाही, पण चूक काढायची झाली तर बबनपेक्षा त्यांचा कान चांगला.

आमच्या भागात एक साहेब आहेत. नाव घेत नाही, प्रत्येक चौकात फ्लेक्सवर आहेच. एका वाढदिवसासाठी त्यांच्यावर आधीच स्टुडिओत गाणं करून घेतलं गेलं. शूर, दिलदार, गोरगरिबांचा वाली वगैरे, आणि ध्रुपदाच्या टोकाला आवाज चढवून “साऽहेब!” महिनाभर ते गाणं दूध आणायला गेलं तरी कानावर, रंकाळ्यावर फिरायला गेलं तरी कानावर. मास्तर म्हणाले, आता हे भडंगात घ्यायलाच पाहिजे. नेमाप्रमाणे पेढे घेऊन साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, “बिनधास्त घ्या मास्तर, आपण काय परके?” आणि झालं असं की ती मुकी पट्टी नेमकी “साऽ” वर आली. आम्ही ठरवलं नव्हतं. चाल ज्यानं बांधली त्यानं तो सूर तिथे ठेवला होता. वाढदिवसाच्या स्टेजवर मास्तर तिथे शिंकले, आणि साहेब हसता हसता डोळे पुसायला लागले. माइक हातात घेऊन म्हणाले, “मास्तर, ती शिंक पुन्हा एकदा होऊ दे.” मास्तर पुन्हा शिंकले. साहेबांनी शाल घातली, फेटा बांधला, फोटो काढले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्या मांडवातल्या शेकडो लोकांनी पाहिलं आहे. ते लोक आज कुठे आहेत, हे मला विचारायचं आहे.

कारण पुढे निवडणूक आली. विरोधकांपैकी कुणीतरी त्या शिंकेचा तेवढाच तुकडा काढून मोबाइलवर फिरवला. ऐन अर्ज भरायच्या तोंडावर साहेबांच्या नावावर शिंक! दुसऱ्या दिवशी मी तालमीसाठी मास्तरांकडे गेले तर अंगणात पाच-सहा कार्यकर्ते उभे. म्हणे अपशकुन केला. म्हणे विरोधकांनी पढवलं. मी वर्गात मुलांना वारे का वाहतात आणि पाऊस का पडतो ते शिकवते, आणि इथे ग्रॅज्युएट झालेली माणसं एका म्हाताऱ्याच्या नाकाला निवडणुकीचा जाब विचारत होती. मी म्हणाले, “अहो, साहेबांनी स्वतः परवानगी दिली होती. पुन्हा शिंकायला त्यांनीच सांगितलं.” त्यातला एक म्हणाला, “बाई, तुम्ही यात पडू नका.” मी तिथूनच साहेबांना फोन लावला. त्यांनी उचलला, हे विशेष. म्हणाले, “मला काही वाटत नाही हो, पण कार्यकर्त्यांच्या भावना आहेत. मी काय बोलणार?” ज्या माणसाला बोलता येतं म्हणून लोक निवडून देतात, त्याला तेवढं एक वाक्य बोलता आलं नाही.

कार्यकर्त्यांना माफीचा व्हिडिओ हवा होता. मास्तरांनी हात जोडले आणि म्हणाले, “माझ्याकडनं चूक झाली, साहेबांची माफी मागतो.” पण आयुष्यभराची सवय, बोलताना ओठाच्या कडेला जरासं हसू आलं. कार्यकर्ता म्हणाला, “म्हातारबा, हसू नका. पुन्हा घ्या.” मास्तरांनी पुन्हा हात जोडले. या वेळी हसू आलं नाही. काकू दारात उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

मला त्या पोरांचा राग आला, साहेबांचा त्याहून जास्त आला, पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त राग मास्तरांचा आला. कार्यकर्ते गेल्यावर मी मास्तरांना वाट्टेल ते बोलले. तुम्ही का वाकलात, तुमचं काय चुकलं होतं, उद्या हे कुणाच्याही दारात येतील. मास्तर अकॉर्डियनचे पट्टे सोडवत बसले होते. म्हणाले, “बाई, हसवणाऱ्यानं भांडू नये. भांडाय लागलो की हसणं गेलंच की.” मी म्हणाले, “ते आत्ताच गेलं, मास्तर.” मास्तरांनी शेवटचा पट्टा सोडवला. त्यांचं ते वाक्य मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. चांगल्या माणसांच्या असल्या चांगल्या वाक्यांवरच तर असली माणसं पोसली जातात.

पुढच्याच आठवड्यात मास्तर मिरजेला गेले आणि पट्टी दुरुस्त करून आणली. मला कुणी रडलेलं चाललं असतं, पण तो दुरुस्त झालेला सूर ऐकवेना. गगनबावड्याच्या रस्त्याला एका लग्नात आम्ही गेलो होतो. लोक नेहमीसारखे शिंकेच्या जागेला सरसावून बसले, आणि तिथे स्वच्छ, गोल, बरोबर सूर लागला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तर खाली मान घालून वाजवत राहिले. भडंग बंद झालं. विरहगीत विरहगीतासारखं, हळदीचं हळदीसारखं, सगळं जसंच्या तसं आणि बिनचूक. कुणीतरी म्हणालं, मास्तर सुधारले. त्या माणसाच्या अंगावर मी धावून गेले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. काकू एकदा मला हळूच म्हणाल्या, “पट्टी नीट केल्यापास्नं घरात करमत न्हाई बघा.”

गेल्या थंडीत मास्तर झोपेतच गेले. शोकसभा झाली. फ्लेक्सवर साहेबांचा फोटो मास्तरांपेक्षा मोठा होता. मास्तरांचा घेतला होता तो त्याच वाढदिवसाचा, फेटा बांधलेला. खुर्चीवर अकॉर्डियन ठेवून त्याला हार घातला होता. साहेब बोलायला उठले आणि आवाज भरून आणत म्हणाले, “मास्तरांचं भडंग म्हणजे आपल्या कोल्हापूरचा ठेवा होता. ते आता पुन्हा कधी ऐकायला मिळणार नाही, याची खंत वाटते.” लोकांनी माना डोलावल्या. त्या दिवशी अंगणात उभे होते त्यातल्याही एकानं डोलावली. मग निवेदकानं सांगितलं की आता बाई भजन म्हणतील.

मी भजनच बसवून गेले होते. पण उभी राहिले आणि तोंडातून भजन फुटेना. बबनकडे वळून मी म्हणाले, “उडता धर.” बबननं माझ्याकडे पाहिलं, पहिल्या रांगेतल्या साहेबांकडे पाहिलं, आणि ठेका धरला, धमचक, धमचक. मी साहेबांचं गाणं सुरू केलं. शूर झालं, दिलदार झालं, गोरगरिबांचा वाली झाला, आणि ध्रुपदाचं टोक आलं. मला शिंकता येत नाही. मास्तरांसारखी तर मुळीच नाही. मी त्या सुराजवळ जाऊन थांबले, तिथे मोठा खड्डा पडला, आणि बायकांच्या बाजूनं शिंक आली.

सुरात, आणि अगदी जागेवर. काकूंनी पदर नाकाला लावला होता आणि चेहरा असा गंभीर ठेवला होता की मास्तरांनी शाबासकी दिली असती. आधी मागून एक बाई हसली, मग एक रांग, मग सगळं सभागृह. साहेबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि तेही हसायला लागले. आत्ताच ठेवा म्हणाले होते, दुसरं करणार काय? मला बरं वाटलं, नाही असं नाही. पण राग गेला नाही. इतकं मोठ्यानं या लोकांना हसता येत होतं, तर मास्तर जिवंत असताना त्या अंगणात येऊन हसायला काय झालं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिठलं-भाकरी घेऊन काकूंकडे गेले, आणि माझ्या पाठोपाठ दोघे कार्यकर्ते आले. आवाज मऊ होता. “काकू, काल जरा जास्तच झालं. साहेबांचं काही नाही, पण पोरांच्या भावना आहेत. दोन शब्द बोला, आम्ही शूटिंग करतो.” मी उठायला लागले तर काकूंनी हातानंच मला खाली बसवलं. त्या लसूण सोलत होत्या. हातातली पाकळी सोलून त्यांनी ताटलीत टाकली.

“माफी मागणारा गेला की रं माझा,” त्या म्हणाल्या. “आता हितं मी ऱ्हातो. च्या घेणार असला तर टाकतो, न्हाईतर चला.”

चहा कुणी घेतला नाही.