तात्यांचा ऑस्कर आणि पॉलिशचा वास

“भाऊ, मासा आडवा झालाय. तात्या नुसते बघत्यात. तुमी आधी निघा.”

डिंगोऱ्याहून संतोषचा फोन आला तेव्हा मी आळेफाट्याच्या माझ्या दुकानात माशांच्या नव्या काचेच्या टाकीला सिलिकॉन लावत होतो. काम तसंच टाकलं. एक जादा एअर पंप आणि कोळशाची पिशवी घेतली आणि गाडीला किक मारली. हा कोळसा पाण्यातली घाण शोषून घेतो. ओतूर मागे पडेपर्यंत मी स्वतःला समजावत होतो की लाइट गेली असेल, पंप बंद पडला असेल, दुसरं काही नसेल.

संतोष माझं गिऱ्हाईक, तात्या त्याचे वडील. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, बोलणं जड झालेलं. पुढच्या खोलीत त्यांची कॉट आणि कॉटला लागून ऑस्करची टाकी. ऑस्कर हा तळहाताहून मोठा, काळा-केशरी मासा. माणूस ओळखतो. गिऱ्हाईक पटवायला दुकानदार असं सांगतातच, पण हा खरंच ओळखायचा. तात्यांनी डाव्या बोटाने काचेवर टकटक केली की कुठूनही यायचा आणि काचेला तोंड लावून थांबायचा. घरातले रानात गेले की दिवसभर ही दोघंच. त्याला खायला टाकल्याशिवाय तात्या घास घेत नसत.

त्यात नातीचं लग्न ठरलं आणि घराचं काम निघालं. नवी दारं, नवी कपाटं आणि त्यावर मशीनने मारायचं पॉलिश. पॉलिशमध्ये थिनर असतो. त्याचा वास डोक्यात गेला तर माणूस अंगणात जाऊन उभा राहतो. मासा कुठे जाणार? मी म्हटलं, “लग्न होईपर्यंत मासा माझ्या दुकानात ठेवू.”

“त्याला न्यायचा आसंल तर मलाबी उचला,” तात्या म्हणाले. विषय संपला.

मग मी बंदोबस्त केला. टाकीवर प्लॅस्टिकचा कागद ताणून चिकटपट्टी मारली, हवा निघायला एका कोपऱ्यात फट सोडली. राहिला पंप. पंप ज्या जागी असतो तिथली हवा ओढतो आणि पाण्यात सोडतो. लोक टाकी झाकतात आणि पंप खोलीतच ठेवतात, म्हणजे सगळा वास नळीने माशालाच पाजतात. म्हणून मी लांब नळी जोडली आणि पंप बाजूच्या खिडकीबाहेर, आंब्याच्या सावलीत एका कोनाड्यात ठेवला. तिथे रानाची स्वच्छ हवा. टाकीच्या आतून हवा फुरफुरत राहिली की फटीतून खोलीतला वासही शिरत नाही. संतोषला सगळं दाखवलं आणि म्हटलं, “मिस्त्रीला नीट सांग.” त्याने सांगितलंही, पण एवढंच, की माशाला वास लागता कामा नये.

मी पोचलो तेव्हा वास खोलीत नव्हताच. तो बाजूने येत होता. मी वळसा घालून गेलो. आंब्याखाली नवी दारं भिंतीला ओळीने टेकवलेली आणि मिस्त्री मशीन मारत होता. दारांच्या मागे, कोनाड्यात, माझा पंप इमानाने हवा ओढत होता. मी आधी त्याची वायर उपटली.

“दारं इथं कोणी आणली?”

“आमीच. आतच मारणार व्हतो. तात्या म्हनले, माशाला वास लागंल, भायेर न्या. उन्हात पॉलिशला फोड येत्यात. सावली हितंच हाये.” मग त्याची नजर कोनाड्यातल्या पंपाच्या नळीकडे गेली. “आमी त माशासाठीच आणली, राव...”

मी आत धावलो.

आत पाण्यावर तेलकट तवंग होता. निम्मं पाणी काढलं, विहिरीचं भरलं. कोळसा सोडला, दुसरा पंप मागच्या दारी लावला. पुन्हा पाणी बदललं. मासा कुशीवर पडून कल्ले उघडत होता, मिटत होता. मी हाताने सरळ धरला की क्षणभर राहायचा, सोडला की कलंडायचा. तात्यांनी काचेवर टकटक केली. त्याने शेपटी हलवली, पण त्याला वळता आलं नाही. त्यांनी पुन्हा केली, मग करतच राहिले. कल्ले थांबले तरी त्यांचं बोट थांबेना. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

“वय झालं व्हतं त्याचं, तात्या,” मी म्हणालो.

“मंग येवढं पाणी कशापायी बदाललं?”

दारात मिस्त्री उभा होता. तात्यांनी त्याच्याकडे बघितलं, खिडकीतून आत आलेल्या नळीकडे बघितलं.

“म्याच सांगितलं ना, दारं भायेर न्या म्हनून?”

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. पुढे मी दुसरा ऑस्कर घेऊन गेलो, फुकट. त्यांनी मान वळवली नाही. तसाच परत आणला.

आता कुठेही टाकी बसवली की घरातल्या प्रत्येकाला आणि कामावरच्या मिस्त्रीलाही मी हाताला धरून नेतो आणि पंप कुठे आहे ते दाखवतो. डिंगोऱ्यात एकट्या संतोषला दाखवला होता. मिस्त्रीला नाही, तात्यांनाही नाही. तात्यांना तर कॉटवरून उठता येत नव्हतं.