कबरीची स्लाइड

सिंगापुरातल्या मराठी बँकवाल्यांचं एक अभ्यास मंडळ आहे. महिन्यातल्या एका रविवारी कोणाच्या तरी कॉन्डोच्या, म्हणजे खासगी सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये ते भरतं. एक जण बोलतो, बाकीचे ऐकल्यासारखं करतात, मग साबुदाणा वडे येतात. अभ्यास तिथे कधी झाल्याचं आठवत नाही. मी जात असे, कारण तांजोंग पगारच्या ज्या कचेरीत मी काम करते तिथून बँकांसाठी रोज सकाळी कायद्याच्या बातम्यांचं पत्रक निघतं, आणि त्याचे बरेचसे वर्गणीदार या खोलीत एकत्र सापडत. ते पत्रक उघडतात पण वाचत नाहीत, हे मला तिथेच कळलं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने संघीय यंत्रणांच्या नियम करण्याच्या अधिकाराला लगाम घातला, त्यानंतरच्या बैठकीची ही हकीकत. निकाल मोठा होता, पण समजायला अवघड नव्हता. संसद कायदा करते, त्यातले काही शब्द मोघम राहतात, आणि तपशिलाचे नियम सरकारी यंत्रणा करते. मोघम शब्दाचा यंत्रणेने लावलेला अर्थ वाजवी असेल तर न्यायालयं तो स्वीकारत. ही रीत चार दशकं चालली. आता न्यायालय म्हणालं, कायद्याचा अर्थ लावणं हे न्यायाधीशांचं काम आहे. यंत्रणेचं म्हणणं ऐकू, पण अर्थ आम्ही लावू. त्याच निकालात हेही होतं की जुन्या रीतीने जे खटले यंत्रणांच्या बाजूने लागले, ते केवळ एवढ्या कारणाने उलटणार नाहीत. म्हणजे नियम मेले नव्हते. ज्याला आव्हान मिळेल तो एकेक तपासला जाणार होता, इतकंच. हे आम्ही पत्रकाच्या दुसऱ्या परिच्छेदात दिलं होतं. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत कोणी पोचत नाही.

त्या दिवशीचे वक्ते एका मोठ्या अमेरिकन बँकेत कम्प्लायन्स विभागाचे प्रमुख होते. पन्नाशी ओलांडलेले, आता इथले नागरिक. कॉन्डो त्यांचाच, वडेही त्यांचेच. बँक नियम पाळते की नाही हे पाहण्याचा त्यांना पगार मिळतो, आणि नियम करणाऱ्यांचा त्यांना मनापासून तिटकारा आहे. नियम नसते तर खिडकीबाहेरचा तो पोहण्याचा तलाव त्यांना फक्त जाहिरातीत दिसला असता, हे त्यांच्या कधी लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

स्लाइड्स केल्या होत्या त्यांच्याच हाताखालच्या एकाने. तो सेम्बावांगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचा. बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि एम्प्लॉयमेंट पास. कायम वास्तव्याचा अर्ज एकदा नाकारला गेला होता, दुसरा पडून होता. तोवर नोकरी असेल तर पास, आणि पास असेल तरच घर आणि शाळा. त्याची नोकरी अशाच एका संघीय नियमावर उभी होती. कंपनीच्या नावाने खातं उघडणाऱ्याच्या मागे खरा मालक कोण आहे, ते बँकेने शोधून काढावं असा तो नियम. त्यासाठी बँकेने इथे एक छोटी टीम बसवली होती आणि ती हा चालवत होता. नियमाला अमेरिकेत खालच्या न्यायालयात आव्हान मिळालेलं होतं. निकाल लागायचा होता.

प्रोजेक्टर जोडताना त्याने मला शेवटची स्लाइड दाखवली. हिरवळीवर एक कबर, वर दगड, दगडावर एक क्रमांक, आणि पायाशी झेंडूची फुलं.

“कशी वाटली, ताई?”

“कोणाची आहे?”

“आमच्याच नियमाची. सरांना जवळचं उदाहरण हवं होतं.”

“त्याचा निकाल कुठे लागलाय अजून?”

“लागेल हो. वारं कुठलं आहे ते बघा ना.”

“आणि जुने निकाल कायम राहतात, ते कुठे लिहिलंय?”

“स्लाइडवर एवढं कोण वाचतं?” तो हसला. “फुलं मी टाकली हां. सर म्हणाले, नुसती कबर भकास दिसते.”

व्याख्यान रंगलं. वक्त्यांनी निकाल वाचलेला नव्हता हे पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट झालं. श्रोत्यांनीही वाचलेला नसल्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. यंत्रणांनी केलेले सगळे नियम आता रद्दीच्या किमतीचे, असं त्यांनी जाहीर केलं. कबर पडद्यावर आली तेव्हा टाळ्या पडल्या.

“बाबू लोकांची बरी जिरली!” मागून एक जण म्हणाला.

“आपल्याकडेही व्हायला पाहिजे असं.”

“आपल्याकडे म्हणजे? पुण्यात की इथे?”

“इथे? हळू बोल बाबा. फंक्शन रूमचं बुकिंग जाईल.”

सगळे हसले. खोलीतला जवळजवळ प्रत्येक माणूस कोणत्या ना कोणत्या नियमावर पोट भरणारा होता. आपल्याच पोटावर पाय आल्याचा एवढा आनंद मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

स्लाइड करणाऱ्याची बायको वड्यांच्या टेबलाशी उभी होती. तिने चटणीचा चमचा हातात धरून विचारलं, “पण नियमच मेला तर यांची टीम काय करणार?”

वक्ते मोठ्याने म्हणाले, “अहो वहिनी, तो माझा उजवा हात आहे! उजवा हात कोणी कापून टाकतं का?”

पुन्हा हशा झाला. तिचा नवरा सर्वांत जास्त हसला. ती हसली नाही. तिने पुढच्या माणसाच्या ताटलीत चटणी वाढली.

त्या टाळ्या प्रमुखांना चढल्या असाव्यात. त्यांनी त्याच स्लाइड्स इंग्रजी करून बँकेच्या वरिष्ठ समितीपुढे मांडल्या. वारं आधी ओळखणारा माणूस अशी आपली ओळख व्हावी, एवढाच हेतू. समितीने कबर पाहिली आणि एक साधा प्रश्न विचारला: नियम गेला असेल तर ही टीम कशाला ठेवायची? निकाल अजून लागलेला नाही, हे एक वाक्य प्रमुखांना म्हणता आलं असतं. पण मग कबरीचा खुलासा करावा लागला असता. ते गप्प बसले, आणि टीम बंद झाली.

हे मला स्लाइड करणाऱ्यानेच सांगितलं, क्लेमेंटीला मी राहते त्या इमारतीखालच्या हॉकर सेंटरमध्ये, कॉफीच्या टपरीवर. बायको आणि मुलगीही होत्या. आमच्या कचेरीत जागा आहे का, हे विचारायला तो आला होता. जागा नव्हती. पास रद्द झाला की देश सोडायला फार दिवस मिळत नाहीत.

“सरांचा नाइलाज झाला,” तो कॉफी ढवळत म्हणाला. “पण म्हणाले, प्रेझेंटेशन फार इफेक्टिव्ह झालं.”

“झालंच,” बायको म्हणाली. “निदान फुलं तरी टाकायची नव्हतीत.”

“आय डोन्ट वॉन्ट पुणे लाह,” मुलगी इथल्या शाळकरी इंग्रजीत म्हणाली. “माय स्कूल इज हिअर.”

“थोडे दिवस गं, राणी. मग परत येऊ आपण.”

ज्याने त्याची नोकरी घालवली त्याची बाजू तो अजून सांभाळत होता. मला त्याची दया यायला हवी होती. मुलीची आली.

ते तिघं पुण्याला गेले. त्यानंतर काही महिन्यांनी खालच्या न्यायालयाचा निकाल आला. न्यायाधीशांनी नवीन रीतीप्रमाणे मूळ कायदा स्वतः वाचला, आणि असा नियम करण्याचा अधिकार संसदेने यंत्रणेला स्पष्ट शब्दांत दिलेला आहे, असं ठरवलं. नियम कायम राहिला. मी चार ओळींची बातमी केली. दुपारी प्रमुखांचा फोन आला.

“मॅडम, हे खरं का?”

“निकालाची लिंक खाली दिली आहे.”

“ते हो, पण थोडक्यात सांगा ना.”

“नियम जिवंत आहे.”

“आमच्याकडे आता माणूसच नाही. तुमच्या ओळखीत कोणी?”

“होता एक. तुमचा उजवा हात.”

“त्याच्याशी बोलतो मी. कंत्राटावर करेल, पुण्यात बसून. इथे आणणं मात्र जमणार नाही. ती जागाच रद्द झाली ना.” जागा कोणामुळे रद्द झाली, याचा त्यांच्या आवाजात मागमूस नव्हता.

पुढच्या बैठकीचा विषय होता ‘नियम टिकतात कसे’. वक्ते तेच, खोली तीच, वडेही तसेच. स्लाइड्स पुण्याहून आल्या होत्या आणि त्या करणारा व्हिडिओ कॉलवर, पडद्याच्या कोपऱ्यात इस्त्रीच्या शर्टात बसला होता. पहिल्या स्लाइडवर तीच कबर होती. आता तिच्यातून एक हिरवा कोंब बाहेर आला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ‘बाबूंची जिरली’ म्हणणाराही त्यांत होता.

टाळ्या थांबल्या तेव्हा पडद्यातून, स्लाइड करणाऱ्याच्या मागून कुठून तरी, त्याच्या मुलीचा आवाज आला.

“बाबा, सो वी गोइंग होम ऑर नॉट?”

“काय म्हणतेय?” प्रमुखांनी विचारलं.

“काही नाही सर,” तो म्हणाला. “पुढची स्लाइड घेऊ या.” आणि त्याने आपला आवाज बंद केला.