शेवटच्या घराची गिटार

आमच्या गल्लीला पाणी सोडणाऱ्या मामांइतका तयार कानाचा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही, आणि त्या कानांनी त्यांच्याइतक्या शिव्या ऐकून घेतलेला माणूसही पाहिला नाही. मामा पाणीपुरवठ्याच्या कामावर लाईनमन होते. बीड बायपासच्या अंगाला आमची गल्ली वसली तेव्हा तिथं मोजून नऊ घरं होती, पुढं ती बेचाळीस झाली. दरवर्षी शहर दोन-चार शेतं पोटात घालून पुढं सरकायचं, पाइप मात्र होता तोच राहायचा. आधी तिसऱ्या दिवशी येणारं पाणी पाचव्या दिवशी येऊ लागलं, आणि दुष्काळाची वर्षं लागल्यावर आठव्या दिवशी. धरणातलं पाणी कमी झालं हे सगळ्यांना कळत होतं, पण धरणाला शिव्या देता येत नाहीत आणि मामा तर दारात उभे असायचे. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून गल्ली मला 'बाई' म्हणे आणि तक्रारअर्ज लिहायला माझ्याकडेच येई. मामांविरुद्धचे सहा अर्ज माझ्या अक्षरातले आहेत. हे मामांना ठाऊक होतं. एकदा रस्त्यात थांबवून त्यांनी मला शांतपणे सांगितलं, की अर्ज झकास उतरलाय, फक्त व्हॉल्व्ह दोन लिहिलेत ते तीन करा, म्हणजे साहेबाला खोट काढता येणार नाही. मी घरी जाऊन खरंच दुरुस्ती केली.

मामांची पाणी सोडण्याची पद्धत बघण्यासारखी होती. कंबरेएवढ्या उंचीची लोखंडी चावी खड्ड्यात उतरवायची, साडेतीन आटे फिरवायचे, मग चावीचं खालचं टोक पाइपवर टेकवून वरचं टोक कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. आजूबाजूला हंडे, कळश्या आणि बायकांची तोंडं सुरू असायची, पण मामांचं ध्यान मोडत नसे. पाणी जाधवांच्या दारापाशी आलं, पठाणांच्या वळणावर हवा अडकलीय, कुलकर्ण्यांच्या कनेक्शनला गळती आहे, असं ते डोळे मिटूनच सांगत, आणि ते कधी चुकलं नाही. लाईनीला थेट मोटर लावून पाणी ओढायला बंदी होती, म्हणून आम्ही सगळेच ती दार लावून, वर पोतं झाकून लावत असू. आमची समजूत अशी, की मामांना पत्ता नाही. एकदा मात्र जाता जाता ते मला म्हणाले, "बाई, तुमच्या मोटरचं बेअरिंग गेलंय, बदलून घ्या." मोटर बंद करा असं नाही म्हणाले. मला त्यांच्या कानाचं फार कौतुक वाटलं, आणि मी त्याच आठवड्यात बेअरिंग बदललं.

या माणसाला हवाईयन गिटार वाजवण्याचा नाद होता. तरुणपणी सिडकोत एका निवृत्त गृहस्थांकडे नळाचं काम करायला गेले असताना आतून काहीतरी लांबवर ओढल्यासारखा सूर आला. मामांना वाटलं पाइपात हवा आहे. आत जाऊन पाहिलं तर गृहस्थ मांडीवर गिटार आडवी ठेवून तारांवरून लोखंडी दांडी सरकवत बसलेले. मामांनी ते काम तीन दिवस लांबवलं आणि पुढची सहा वर्षं त्या घरी शिकायला जात राहिले. गृहस्थ जाताना गिटार मामांना देऊन गेले. दांडी कुठं हरवली, तेव्हा मामांनी अर्ध्या इंची नळाचा तुकडा घासून घासून गुळगुळीत केला आणि पुढं कायम त्याच्यावरच वाजवलं. येत होती ती तीन जुनी सिनेमाची गाणी. गुरूंचा एक नियम मामांनी देवाच्या सोवळ्यासारखा पाळला होता, की कोपरापर्यंत स्वच्छ हात धुतल्याशिवाय तारेला बोट लावायचं नाही. आता मामांचं घर लाईनीच्या अगदी टोकाला, बेचाळिसावं. सगळ्यांचं भरून झालं की पाणी तिथं पोचणार, मग मामा हात धुणार, मग गिटार वाजणार. त्यामुळे गिटार ऐकू आली की पाणी शेवटच्या घरापर्यंत गेलं असं समजायचं, हे आमच्या गल्लीतल्या पोराटोरांनाही माहीत होतं. त्या उन्हाळ्यात मात्र गिटार ऐकून बरेच दिवस झाले होते. ते कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही, कारण जो तो आपापल्या टाकीत काठी घालून पाणी बघत होता.

मामांच्या जिवाला एकच घोर होता. आपण वाजवतो ते खरं हवाईयन आहे, की गुरूंनी आपल्या मनानं काहीतरी बसवून दिलंय? गुरूही कुणा ऑर्केस्ट्रावाल्याकडून शिकलेले, तो आणखी कुणाकडून. तीस वर्षं वाजवलेलं चूक निघालं तर काय, हा प्रश्न ते मला सुद्धा विचारायचे, जशी काही मी हवाई बेटांवर वाढले होते. आणि नेमकं त्याच वर्षी पुण्याच्या काही गिटारप्रेमी मंडळींनी वेरूळजवळच्या एका मळ्यात पाच दिवसांचं हवाई संगीत आणि संस्कृतीचं शिबिर ठरवलं. शिकवायला हवाईच्या एक वयस्कर बाई येणार होत्या. मामांनी पत्र टाकलं आणि जागा मिळवली. पाण्याची पाळी आठ दिवसांची असल्यामुळे मधले पाच दिवस त्यांना सहज सुट्टी मिळाली. दुष्काळाचा एवढा एकच फायदा झालेला मला आठवतो.

शिबिराचं पत्र इंग्रजीत आलं ते वाचायला अर्थातच माझ्याकडे. सोबत काय आणायचं त्या यादीत लिहिलं होतं, की प्रत्येकानं आपल्या गावचं पाणी आणावं. पाणी कशाला, ते मामांनी विचारलं. मी पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवत होते, मला उत्तर माहीत नसेल असं कसं होईल? मी ठामपणे सांगितलं, की मळ्यातली विहीर आटली असणार, तिथं पाण्याची सोय नसणार, म्हणून ज्यानं त्यानं आपलं घेऊन यायचं. मराठवाड्यात एप्रिल महिन्यात दुसरा अर्थ कुणाच्या डोक्यात येईल? मामा गंभीर झाले. परदेशातून आलेली बाई आणि तिला पाणी नाही, हे त्यांना आपल्या नोकरीलाच बट्टा लागल्यासारखं वाटलं. त्यांनी एक दोनशे लिटरचं प्लास्टिकचं टिपाड मिळवलं आणि दारोदार फिरले. मला वाटलं होतं, त्या दिवसांत कुणी चूळ भरायला सुद्धा पाणी देणार नाही. पण शेख भाभींनी कळशी ओतली, जाधवांनी दोन ओतल्या, आणि माझे सहाही अर्ज ज्यांच्या सांगण्यावरून लिहिले त्या कुलकर्ण्यांनी फिल्टरचं पाणी दिलं. मीही एक बादली दिली, बाकीच्या घरांनी तांब्या-दोन तांबे. संध्याकाळपर्यंत टिपाड काठोकाठ झालं.

इंग्रजी बोलायला बाई पाहिजेत, असा मामांनी हट्ट धरला, म्हणून पहिल्या दिवशी मी बरोबर गेले. टेंपोत मागं टिपाड, त्याला धरून मामा, पुढं गिटार मांडीवर घेऊन मी. मळ्यात पोचलो तर चिंचेच्या झाडाखाली विसेक मंडळी अर्धगोल करून उभी. बहुतेक बँकेतून निवृत्त झालेले, एक नाशिकचे दातांचे डॉक्टर. प्रत्येकाच्या हातात अत्तराच्या बाटलीएवढी एकेक बाटली. मधे एक मोठं लाकडी पात्र. शेजारी मळ्याच्या टाकीचा नळ चालू होता. आपापल्या गावचं घोटभर पाणी त्या पात्रात एकत्र करायचं आणि मग शिकायला बसायचं, अशी त्यांच्याकडची रीत होती. माझं पंचवीस वर्षांचं इंग्रजी तिथंच जिरलं. मामांनी एकदा नळाकडे पाहिलं, एकदा टिपाडाकडे, आणि मग माझ्याकडे. त्या नजरेत राग नव्हता, ते जास्त लागलं.

हवाईच्या बाई सत्तरीच्या, अनवाणी, कानामागं बहाव्याचं पिवळं फूल खोचलेलं. त्यांच्याकडे भेटताना कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावून श्वास घेतात. त्या पुढं झाल्या तसे मामा दोन पावलं मागं सरले, नमस्कार करून पाहिला, तो पुरेना म्हटल्यावर डोळे घट्ट मिटून इंजेक्शन घ्यायला उभं राहावं तसे उभे राहिले. मंडळी टिपाडाकडे बघून हसत होती. बाई हसल्या नाहीत. एवढं पाणी कुणाचं, असं त्यांनी मला विचारलं, आणि मी मामांना.

मामांनी टिपाडावर हात ठेवला, डोळे मिटले आणि सांगायला लागले. पहिलं घर जाधवांचं, दोन कळश्या. मग शेख भाभी, एक कळशी. मग पठाण, वळणावरचं घर, एक हंडा. मग बाई, एक बादली. लाईनीत पाणी ज्या क्रमानं जातं त्याच क्रमानं, एकही घर न चुकता, एकेचाळीस घरं त्यांनी म्हटली. आधी मंडळींनी चुळबुळ केली, मग तीही घरं मोजू लागली. मी घराघरानं इंग्रजीत सांगत गेले. हवाईच्या बाईही डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांच्याकडे म्हणे आपला परिचय असाच देतात, माणसाचं नाव शेवटी आणि त्याच्या आधी तो जिथून आला ते सगळं. मामा थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, की यात तुमचं घर कुठं आहे?

"मह्या घरचं नाय त्यात," मामा म्हणाले. "आमच्याकडं या चार पाळ्या पाणी पोचलंच नाय. टोकाला हाये ना घर."

हे वाक्य मला इंग्रजीत सांगायचं होतं. मामी महिनाभर दुपारच्या उन्हात बायपासपलीकडच्या हातपंपावर का जाते, हे मला इतके दिवस उमगलं नव्हतं, ते तिथं चिंचेखाली उमगलं. टोकाचं पाणी आमच्या मोटरा मधेच ओढून घेत होत्या, आणि माझ्या मोटरचं नवीन बेअरिंग अगदी मऊ चालत होतं. मी एवढंच सांगितलं, की त्यांचं घर शेवटचं आहे आणि पाणी पोचत नाही. का पोचत नाही, ते सांगायची मला लाज वाटली आणि मी ते गाळलं.

हवाईच्या बाईंनी टिपाडातून एक वाटी पात्रात घातली. मग सगळ्यांचं मिसळलेलं पाणी ओंजळीत घेऊन त्या मामांच्या हातांवर ओतू लागल्या. मामांनी कोपरापर्यंत हात धुतले. खाली ओघळ वाया जाऊ नये म्हणून त्यातल्या त्यात ते झाडाच्या मुळाशी सरकून उभे राहिले होते. मग गिटार मांडीवर घेतली, नळाचा तुकडा काढला आणि तीन गाण्यांतलं पहिलं वाजवलं. संपल्यावर ते बाईंकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले. तीस वर्षांचा प्रश्न आता माझ्या तोंडून सुटायचा होता.

बाई पहिल्यांदा म्हणाल्या, "आमच्याकडे कुणी असं वाजवत नाही." मी ते सांगेचना. मामांना मात्र माझ्या तोंडावरून कळलं असावं, कारण ते गिटारीच्या पिशवीची गाठ शोधू लागले. मग बाईंनी पुढं सांगितलं, "आमच्या चहूबाजूंनी पाणी आहे, म्हणून आमचा हात सैल. हा माणूस एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना थेंबसुद्धा सांडू देत नाही." तेवढं मी दोन्ही वाक्यं जोडून एका दमात सांगून टाकलं.

मामांचा हात पिशवीच्या गाठीवरच थांबला. "म्हंजे चूक नाय ना?" मी तेही इंग्रजीत विचारलं.

"चूक नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या गावचं आहे."

"मग व्हय," मामा म्हणाले. "पाणी बी गावचंच मागितलं होतं."

पुढचे चार दिवस मामा तिथंच राहिले. ते बहाव्याच्या माळा करायला शिकले, हातांनी समुद्र दाखवायचा नाच शिकले, फक्त त्यांचा समुद्र शेवटी उजवीकडे साडेतीन आटे फिरायचा. बाई त्यांच्याकडून तो न सांडणारा हात शिकत होत्या, असं दातांच्या डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. परत आले ते टिपाड घेऊनच. ज्याचं जेवढं होतं तेवढं पाणी त्यांनी घरोघर परत दिलं. माझी बादली देताना त्यांनी माफी मागितली, की थोडं हात धुण्यात गेलं. मी बादली घेतली.

मी काय भाषांतर केलं आणि काय गाळलं ते मी फक्त शेख भाभींना सांगितलं होतं. म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. पुढच्या पाळीला मामांनी व्हॉल्व्ह फिरवला, चावी कानाला लावली, आणि त्यांचा चेहरा चमत्कारिक झाला. चावी उचलून त्यांनी पाइपवर दुसरीकडे टेकवून पाहिली. मग माझ्या दाराशी येऊन चिंतेनं म्हणाले, "बाई, लाईनीत एकबी मोटर नाय. लाईट गेली काय?"

"गेली असेल," मी म्हणाले.

पाणी त्या दिवशी बारीक धारेनं आलं आणि सगळ्यांकडे थोडं थोडं आलं. गल्ली दारात उभी होती, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दोन तासांनी टोकाच्या घरातून गिटार ऐकू आली. शेख भाभींनी पदरानं डोळे पुसले आणि उन्हाला नावं ठेवली.

मामा निवृत्त झाल्याला आता बरीच वर्षं झाली. मामीच्या माहेराकडे, देवगाव रंगारीच्या बाजूला त्यांनी घर बांधलं, तिथं शेळ्या आहेत आणि संध्याकाळी गिटार असते, असं कळतं. आमच्याकडे आता व्हॉल्व्ह फिरवायला वेगवेगळी मुलं येतात, मोटारसायकल चालू ठेवूनच फिरवतात आणि जातात. टोकाच्या घरात भाडेकरू आहेत, चांगली माणसं आहेत. मी पाण्याच्या दिवशी अजून मोटर लावत नाही. बादल्या भरल्या की नळ बंद करते आणि थोडा वेळ गॅलरीत उभी राहते. शेवटच्या घरी पाणी पोचलं की नाही, ते आता कळत नाही.