पद्माकररावांची न घेतलेली बंदूक

"अर्जदाराला आपण किती वर्षं ओळखता?" या प्रश्नापुढे मी 'एकोणीस' असं लिहिलं आणि खाली सही केली. २००६ सालची गोष्ट. पद्माकर खानविलकर आमच्याच रस्त्यावर, ब्रिस्टलमध्ये, माझ्यापासून चौथ्या दारात राहत. आकडा खरा होता. पण मी त्यांना खरंच ओळखत होतो का, असं कुणी विचारलं तर हो म्हणायला जीभ रेटत नाही. त्यांना भावंडं किती, हेसुद्धा मला ते गेल्यावर कळलं.

त्यांची मुलगी निवेदिता म्हणाली, "काका, मंडळाच्या अंकात बाबांवर तुम्हीच लिहा. तुम्हीच जवळचे." मी लिहिणारा माणूस नाही. हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये नोकरी केली, सामानाच्या याद्या तेवढ्या लिहिल्या. पण एक गोष्ट अशी आहे की ती मी सांगितली नाही तर कुणालाच कळणार नाही. म्हणून लिहितो.

पद्माकरराव विमानांच्या पंखांवर काम करणारे इंजिनिअर, मूळचे संगमेश्वरकडचे. २००४ मध्ये अलकावहिनी गेल्या आणि ते घराबाहेर पडेनासे झाले. त्यांच्या ऑफिसातून निवृत्त झालेला केन नावाचा एक इंग्रज होता, सेव्हर्न नदीपलीकडे त्याचं थोडं रान होतं. तिथली हरणं नव्याने लावलेली रोपं खाऊन टाकत, त्यामुळे दर वर्षी काही मारावी लागत. केन एका शनिवारी पद्माकररावांना जवळजवळ ओढूनच घेऊन गेला. परत आल्यावर ते चिखलाच्या बुटांसकट थेट माझ्या हॉलमध्ये शिरले.

"शशीभाऊ, तिथे भेकर आहे हो! आपलं भेकर! हे लोक त्याला मंटजॅक म्हणतात. तस्संच भुंकतं. चाळीस वर्षांनी ऐकलं."

वहिनी गेल्यानंतर एवढा मोठा आवाज त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. कार्पेटचं मी काही बोललो नाही.

मग दर शनिवार रानातला. पुढे केनचे गुडघे गेले. तो म्हणाला, येत्या हिवाळ्यापासून हे रान तू सांभाळ. पण त्यासाठी स्वतःची बंदूक आणि पोलिसांचा परवाना हवा. आणि अर्जात बंदुकीचं कॅलिबर, म्हणजे गोळी किती जाडीची, हे आधीच लिहावं लागतं. ते ठरवायला पद्माकररावांनी आठ महिने घेतले.

माझ्या स्वयंपाकघरात बसून, जुन्या पाकिटांच्या पाठीवर आकृत्या काढत ते मला समजावत. भेकर पंधरा किलोचं. पुढेमागे स्कॉटलंडला गेलं तर तिथलं तांबडं हरीण दीडशेच्या वर. दोन्हींना चालेल अशी एकच बंदूक हवी. टू-फोर-थ्री हलकी, कायद्यात बसते, पण मोठ्या जनावराला काठावर पास. थ्री-ओ-एट कशालाही पुरते, तिच्या गोळ्या कुठल्याही दुकानात मिळतात. पण खांद्याला लाथ बसते, आणि लाथेच्या भीतीने माणूस चाप ओढताना डोळे मिटतो.

"मग जाड बरी की बारीक?" मी विचारलं.

"शशीभाऊ, गवारीच्या शेंगा निवडतोय का आपण?" ते हसले. मग गंभीर झाले. "जनावर जागेवर पडलं पाहिजे. जखमी होऊन पळालं आणि दोन दिवस कुठेतरी कण्हत मेलं, तर दोष बंदुकीचा नाही. निवडणाऱ्याचा."

मी शाकाहारी, बंदूक कधी हातात धरलेली नाही. पण हे वाक्य मला पटलं होतं.

मंडळाच्या गणपतीच्या जेवणात वाढायला आलेल्या अतुलने त्यांना छेडलं, "काय शिकारीसाहेब, आज वरणभातावर भागेल ना?"

"भागेल की. वरण तर जागच्या जागीच मेलेलं दिसतंय."

पंगतीत हशा झाला. मीही हसलो. परत येताना कारमध्ये ते म्हणाले, "सिक्स-पॉइंट-फाइव्ह. ठरलं. स्वीडिश आहे, मधली. हळू बोलते, पण ऐकायला लावते." थोडं थांबून पुढे म्हणाले, "अलकाला बघायला गेलो तेव्हा पोहे संपायच्या आत होकार दिला होता. हिने आठ महिने घेतले."

अर्जाला दोन ओळखीची माणसं लागत. एक केन, दुसरा मी. मी फॉर्म भरून पाठवला. तीन आठवड्यांनी पोलिसांकडून एका बाईंचा फोन आला. फार सौजन्याने बोलत होत्या. मिस्टर खानविलकर कसे आहेत, स्वभाव कसा, अलीकडे काही बदल? इंग्रजी फोनवर बोलायचं म्हटलं की मला आजही घाम फुटतो. मी म्हणालो, अतिशय सज्जन गृहस्थ, कधी आवाज चढवत नाहीत. आणि मग, माणूस किती प्रेमळ आहे हे कळावं म्हणून म्हणालो, पत्नी वारल्यापासून ते उदास असतात. 'उदास'ला इंग्रजी शब्द सुचेना. जो सुचला तो बोललो. "डिप्रेस्ड," मी म्हणालो. "व्हेरी डिप्रेस्ड."

'व्हेरी' मी भर म्हणून घातलं होतं. बायको जाऊन दोन वर्षं झाली आणि नवरा उदास नाही, तर आपल्यात त्यालाच नावं ठेवतील. मी तर शिफारस करत होतो.

त्या बाईंनी माझे आभार मानले.

अर्ज अडकला. डॉक्टरांचा अहवाल मागवला गेला, मग आणखी एक. त्यात पोलिसांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. असं ऐकल्यावर कुणीही चौकशी करील. हिवाळा निघून गेला. मार्चमध्ये पद्माकरराव माझ्याकडे आले आणि कोट न काढताच बसले.

"डॉक्टर म्हणाले, डिप्रेशन आहे असं कुणीतरी कळवलंय. कुणीतरी म्हणजे कोण? दोघंच तर होतात."

माझ्या हातात चहाचं भांडं होतं. मी ते गॅसवर ठेवलं.

"केनच," ते म्हणाले. "त्याला रान द्यायचं नसेल, तर तोंडावर सांगायचं होतं ना. तुम्ही असं बोलणं शक्यच नाही. तुम्ही तर फोन आला की दुसऱ्या खोलीत पळता."

ते हसले. मीही हसलो, आणि तो क्षण गेला.

त्यांनी अर्ज मागे घेतला. केनचे फोन उचलणं बंद केलं. केनने उन्हाळाभर वाट पाहिली आणि रान दुसऱ्या कुणाला तरी सांभाळायला दिलं. शनिवारी सकाळी पद्माकररावांची गाडी दारातच उभी दिसू लागली. मी रोज ठरवायचो की आज सांगू. रोज वाटायचं, सांगून आता काय परत येणार? पण केन परत आला असता. ते मला तेव्हाही कळत होतं.

२००८च्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी सकाळी, हृदय बंद पडून ते गेले. अंत्यविधीला केन काठी टेकत आला, शेवटच्या रांगेत बसला. बाहेर मी त्याला सगळं सांगितलं, मोडक्या इंग्रजीत. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी लिहिलं होतं, की इतका स्थिर माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला ते त्याला कधी सांगताच आलं नाही." मला तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

ते गेले त्याआधीच्या सोमवारी दुपारी मात्र मी खरंच सांगायला गेलो होतो. वाक्य पाठ केलं होतं, 'पद्माकरराव, तो शब्द माझा होता.' बेल वाजवली. दार उघडायला त्यांना वेळ लागला. अंगात वहिनींनी विणलेला करडा स्वेटर होता, दाढी वाढली होती.

"या, शशीभाऊ. काही काम होतं?"

"नाही, म्हणजे... उद्या कचरागाडी बिन नेणार, की नुसता रद्दीचा बॉक्स?"

"नुसता बॉक्स. बिन पुढच्या मंगळवारी."

"बरं."

"वारा आहे. वर काहीतरी जड ठेवा, नाहीतर कागद उडतील."

"ठेवतो," मी म्हणालो.